डोझरची पॉवर ट्रेन: बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑईलमधून पुढे देणारा भाग) आणि पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (ऑईलच्या प्रेशरनं क्लच धरून गिअर बदलणारा) असलेल्या चेनच्या डोझरसाठी आहे. कोळसा खाणींत ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, ढकलणारे बीईएमएलचे बीडी १५५, बीडी ३५५ आणि कोमात्सु, कॅटरपिलरचे त्या वर्गातले डोझर डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. पोकलेनचं चालणं वेगळ्या तत्त्वावर असतं, त्यावर शेवटाकडे एक प्रश्न घेतला आहे. इथले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. तुमच्या मशीनचा खरा आकडा कंपनीच्या शॉप मॅन्युअलमध्ये (दुरुस्तीच्या पुस्तकात), सिरीयल नंबर बघूनच घ्या. मॉडेल तेच असून सिरीयल बदलला की प्रेशर बदललेलं असू शकतं.

पॉवर ट्रेन म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत?

इंजिनच्या फ्लायव्हीलपासून स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकापर्यंत. मधे टॉर्क कन्व्हर्टर, युनिव्हर्सल जॉइंट, गिअरबॉक्स, बिव्हल गिअर (फिरणं काटकोनात वळवून दोन्ही बाजूंना देणारा), मग डाव्या-उजव्या बाजूला एकेक स्टिअरिंग क्लच आणि ब्रेक, आणि शेवटी दोन फायनल ड्राईव्ह, म्हणजे स्प्रॉकेटपाशी वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर. मेकप्रमाणे एखाददुसऱ्याची जागा बदलते, पण बिव्हल गिअरपर्यंतचं सगळं दोन्ही चेनना सामाईक आणि तिथून पुढे दोन वेगळ्या वाटा, ही रचना बहुतेक ठिकाणी तशीच असते. म्हणून पहिली छाननी फुकटात होते. तक्रार दोन्ही चेनवर सारखी असेल तर बिव्हल गिअरच्या अलीकडे बघा, एकाच चेनवर असेल तर पलीकडे. एका बाजूची तक्रार असताना गिअरबॉक्स उतरवायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे इतकं सोपं असूनही लिहावं लागतं.

पाना हातात घेण्याआधी ऑपरेटरला काय विचारायचं?

"मशीन उचलत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. त्या तीन शब्दांत निदान पाच वेगवेगळे बिघाड मावतात. सगळ्यात कामाचा प्रश्न हा: ब्लेडवर लोड आला की इंजिन दबतं की मोकळं पळतं? इंजिन दबत असेल, धूर टाकत असेल, तर ताकद कमी पडते आहे किंवा पुढे काहीतरी जखडलं आहे. इंजिन आवाज न बदलता पळतंय आणि मशीन जागेवर, तर मधे कुठेतरी स्लिप आहे.

मग बाकीचं. गार असताना होतं की दोन-तीन तास चालल्यावर? पुढे जाताना, मागे येताना, की दोन्हीकडे? कोणत्या गिअरला? हळूहळू वाढत आलं की एका पाळीत झालं? आणि त्याच्या आधी मशीनवर काय काम झालं होतं: ऑईल बदललं, जाळी काढली, वेल्डिंग केलं, लिंकेज खोललं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऑपरेटरपेक्षा लॉगबुकमध्ये खरं सापडतं. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरशीही बोला. एकाच मशीनबद्दल दोघं वेगळं सांगतात आणि त्या फरकातच कधीकधी उत्तर असतं, कारण एक पहिल्या गिअरला ढकलतो आणि दुसरा दुसऱ्या गिअरला.

ताकद कमी वाटते. दोष इंजिनचा की गिअरबॉक्सचा, हे खात्रीनं कसं कळेल?

स्टॉल टेस्टनं. तत्त्व साधं आहे. कन्व्हर्टरचा बाहेर येणारा शाफ्ट थोपवून धरला आणि इंजिनला पूर्ण थ्रॉटल दिला, तर इंजिन एका ठरावीक आरपीएमवर अडकतं. तो आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आरपीएम त्याहून खाली थांबला तर इंजिन कमी पडतंय. वर गेला तर इंजिनाचा जोर मधेच कुठेतरी निसटतोय.

टेस्ट घ्यायची पद्धत: आधी कन्व्हर्टरचं ऑईल चालत्या तापमानाला आणा. गार ऑईलवरचा आकडा कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा असतो. मशीन सपाट जागी, पुढे-मागे माणूस नाही, गाडी नाही. न्यूट्रलमध्ये हाय आयडल, म्हणजे बिनालोड पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम, तपासून लिहून ठेवा. ब्रेक लॉक करा, सगळ्यात वरचा गिअर घ्या, बहुतेक डोझरवर तो तिसरा असतो, आणि थ्रॉटल सावकाश पूर्ण द्या. वरचा गिअर यासाठी की स्प्रॉकेटवर जोर कमी येतो आणि ब्रेकला मशीन धरून ठेवता येतं. आरपीएम स्थिरावला की वाचा आणि लगेच न्यूट्रल करा. हे सगळं काही सेकंदांचं काम. या वेळात इंजिनाची सगळी ताकद ऑईल तापवण्यात जाते, त्यामुळे तापमानाचा काटा डोळ्यांसमोर चढताना दिसतो. तो लाल पट्ट्यापाशी जायच्या आत थांबायचं. नंतर न्यूट्रलमध्येच इंजिन थोडं चढवून ऑईल गार होऊ द्या, मग दुसरं रीडिंग. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या मशीनवर या टेस्टची क्रमवारी मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते, तीच पाळा.

ब्रेक लावलेला असताना मशीन पुढे सरकू लागलं तर टेस्ट तिथेच सोडा. ब्रेकचा दोष सापडला, आधी तो.

स्टॉल आरपीएम कमी आला. म्हणजे इंजिन ओव्हरहॉल?

इतक्यात नको. डोझरला डिसेलरेटर पेडल असतं, ते दाबलं की इंजिनाचा वेग कमी होतो. त्याचं लिंकेज वाकडं झालं, पेडलखाली दगड-माती साचली, तर फ्युएल पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातच नाही आणि मशीन जन्मापासून अशक्त असल्यासारखं वागतं. म्हणूनच हाय आयडल आधी बघायला सांगितलं. तोही कमी असेल तर लिंकेज बघा. तो बरोबर असून स्टॉल कमी असेल तर एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, टर्बोनंतरच्या नळ्यांची गळती, या क्रमानं जा. कोळशाच्या धुळीत एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झालेला असतो आणि कोणी बघितलेलं नसतं, असं फार वेळा होतं.

स्टॉल आरपीएम जास्त आला. आता?

आता चार जागा संशयित: कन्व्हर्टरला ऑईल पुरत नाही किंवा त्यात हवा आहे, कन्व्हर्टर आतून खराब आहे, गिअरबॉक्सचा एखादा क्लच स्लिप होतोय, किंवा दोन्ही स्टिअरिंग क्लच स्लिप होताहेत. "दोन्ही" हा शब्द नीट वाचा. बिव्हल शाफ्ट दोन्ही बाजूंना एकच असतो, त्यात डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच) नसतं. एक स्टिअरिंग क्लच कमजोर आणि दुसरा ठणठणीत असेल तर ठणठणीत क्लच आणि त्याचा ब्रेक मिळून शाफ्ट धरून ठेवतात आणि स्टॉल बरोबर येतो. तेव्हा स्टॉल चांगला आला म्हणून स्टिअरिंग क्लचला क्लीन चिट देऊ नका. कॅटरपिलरच्या डिफरन्शियल स्टिअरिंगच्या मशीनला हा हिशोब लागू नाही.

पुढची पायरी गिअर बदलून बघण्याची.

पुढे जाताना स्लिप मारते, मागे येताना ठीक आहे. काय उघडायचं?

तूर्त काहीच नाही, कागद-पेन घ्या. तीन पुढे तीन मागे अशा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समध्ये पाच क्लच असतात: फॉरवर्ड, रिव्हर्स, आणि पहिला, दुसरा, तिसरा. कोणत्याही वेळी मशीन चालायला त्यातले दोन धरलेले हवेत, एक दिशेचा आणि एक वेगाचा. फॉरवर्ड-दोन म्हणजे फॉरवर्ड क्लच अधिक दुसऱ्याचा क्लच.

आता सहाही गिअर चालवून बघा आणि समोर बरोबर-चूक लिहा. पुढच्या तिन्ही गिअरला स्लिप आणि मागच्या तिन्हींना नाही, तर फॉरवर्ड क्लच. पहिल्याला पुढेही आणि मागेही स्लिप, दुसरा-तिसरा ठीक, तर पहिल्याचा क्लच. सहाही ठिकाणी स्लिप असेल तर पाच क्लच एकदम जळणं फारसं संभवत नाही. मग जे सगळ्यांना सामाईक आहे तिकडे वळा: ऑईलची पातळी, सक्शनची जाळी, पंप, मेन रिलीफ व्हॉल्व्ह, कन्व्हर्टर. आणि सहाही गिअर चालतात पण एका ठिकाणी धक्का बसतो किंवा गिअर पकडायला उशीर लागतो, तर क्लचपेक्षा मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह (क्लचचं प्रेशर हळूहळू चढवणारा) अडकल्याचा संशय आधी घ्या.

या कागदाला वीस मिनिटं लागतात. गिअरबॉक्स उतरवून चढवण्याचा खर्च तुम्हाला माहीत आहे.

प्रेशर कधी आणि कसं घ्यायचं?

कागदानं एका क्लचकडे बोट दाखवल्यावर. ऑईल गरम, टेस्ट पोर्टला गेज, होज इतका लांब की आकडा मशीनच्या बाहेर उभं राहून वाचता येईल. माणूस मशीनच्या पोटाखाली आणि इंजिन चालू, हे चालणार नाही. बऱ्याच पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समध्ये क्लचचं प्रेशर २० ते ३० किलोच्या (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) पट्ट्यात असतं, म्हणजे ६० किलोचं गेज पुरतं. कन्व्हर्टरच्या आत-बाहेरचं प्रेशर त्याच्या बरंच खाली असतं, त्याला छोटं गेज लावा. मोठ्या गेजवर छोटा आकडा नीट वाचता येत नाही.

लो आयडल आणि पूर्ण थ्रॉटल, दोन्हींवर, न्यूट्रलपासून सुरू करून प्रत्येक गिअरला रीडिंग घ्या. वाचायचं असं:

सगळ्या गिअरना प्रेशर कमी: पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच क्लचला कमी: त्या क्लचच्या पिस्टनचं सील किंवा शाफ्टवरची सील रिंग ऑईल सोडतेय. प्रेशर सगळीकडे बरोबर आणि तरी स्लिप: त्या क्लचच्या प्लेटा झिजल्या किंवा जळल्या.

तिसऱ्या प्रकारात रिलीफ व्हॉल्व्हखाली शिम (पातळ चकती) टाकून प्रेशर वाढवण्याचा मोह होतो. करू नका. झिजलेल्या प्लेटा त्यानं भरून येत नाहीत, चांगल्या क्लचची सीलं मात्र जातात, आणि पुढच्या मेकॅनिकला खोटा आकडा वाचावा लागतो.

सकाळी मशीन छान, दुपारी स्लिप. किंवा उलट?

तापल्यावर बिघडत असेल तर ऑईल पातळ झाल्यावर कुठूनतरी निसटतंय: झिजलेला पंप, कडक झालेली सीलं. गार असताना बिघडून तापल्यावर सुधारत असेल तर पंपाला ऑईल ओढायला त्रास होतोय. जाळी तुंबली आहे किंवा ऑईलचा ग्रेड जाड आहे. पंप शिट्टीसारखा आवाज करत असेल तर सक्शनच्या बाजूनं हवा घेतोय. होजचे क्लँप, ओ-रिंग आणि ऑईलची पातळी बघा. डिपस्टिकवर फेस दिसला तर तोच पुरावा.

पातळी बघतानाही मॅन्युअल वाचा. काही मशीनवर इंजिन चालू ठेवून बघायची असते, काहींवर बंद करून थोडा वेळ थांबून. चुकीच्या पद्धतीनं बघितलेली "बरोबर" पातळी पुष्कळ वेळ खाते.

कन्व्हर्टरचं तापमान लाल पट्ट्यात जातं. चंद्रपूरचा मे महिना आहे म्हणून सोडून द्यायचं का?

बाहेर ४५ अंश असले तरी मशीन त्यासाठीच बनवलं आहे. लाल पट्टा बहुतेक मशीनवर १२० अंशांच्या जरा पुढेमागे सुरू होतो. तिथे रोज जाणं म्हणजे सीलं आणि क्लच प्लेटांचं आयुष्य संपवणं.

दोन काटे एकत्र बघा. गिअरबॉक्सच्या ऑईलचा कूलर साधारणपणे इंजिनाच्या पाण्यावर चालतो. पाण्याचं आणि कन्व्हर्टरचं तापमान दोन्ही चढत असतील तर रेडिएटर बघा: पंख्याचा पट्टा, कोळसा-धुळीनं भरलेल्या जाळ्या, पाण्याची पातळी. पाणी ठीक आणि कन्व्हर्टर एकटाच तापतोय, तर एकतर उष्णता जास्त तयार होतेय किंवा कूलर आतून तुंबला आहे. हे दोन वेगळे करायची युक्ती अशी: काटा वर गेल्यावर न्यूट्रल करून इंजिन चढवा. काटा पटकन खाली आला तर कूलर काम करतोय, उष्णता काम करताना जास्त बनतेय. काटा तिथेच रेंगाळला तर कूलर आणि ऑईलचा प्रवाह तपासा.

उष्णता जास्त बनण्याची कारणं तीन. क्लच स्लिप, कुठलातरी ब्रेक न सुटणं, आणि ऑपरेटरनं दुसऱ्या गिअरला जड ढकलणं. तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात कमी लिहिलं जातं, कारण ब्रेकडाऊन रिपोर्टमध्ये त्याच्यासाठी रकाना नसतो. कन्व्हर्टर स्टॉलच्या जवळ जितका वेळ राहील तितकी ताकद उष्णतेत जाते. जड ओबीला पहिला गिअर, ब्लेडचा कट कमी, एवढं बदलून अर्धा तास बघा. काटा हिरव्यात राहिला तर मशीनमध्ये काही बिघाड नाही.

मशीन एका बाजूला ओढतं. कोणत्या बाजूचा क्लच धरायचा?

आधी चेन. दोन्ही चेनचा ताण सारखा आहे का? कोमात्सुच्या डोझरला आयडलर (चेनचं पुढचं चाक) आणि कॅरियर रोलर (वरची चेन पेलणारा रोलर) यांच्यावर सरळ फळी ठेवून झोल मोजतात, तो २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास लागतो. पावसाळ्यात काळी माती स्प्रॉकेट आणि चेनमध्ये बसून घट्ट होते आणि झोल नाहीसा होतो. अशी चेन स्वतःच ब्रेकसारखी वागते. माती काढून मगच मोजा. ग्रीसनं ताणलेली चेन सैल करताना व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि त्याच्यासमोर तोंड नेऊ नका. आतलं ग्रीस प्रचंड प्रेशरवर असतं, व्हॉल्व्ह उडून माणसं जखमी होतात.

चेन ठीक असेल तर प्रश्न दोनच उरतात. मशीन डावीकडे ओढतंय म्हणजे डावी चेन मागे पडतेय. ती क्लच स्लिपमुळे मागे पडतेय की ब्रेक घासल्यामुळे? बिनालोड सपाटीवर सरळ चालवा. बिनालोडही ओढत असेल तर ब्रेक घासण्याची शक्यता जास्त, लोडवरच ओढत असेल तर क्लच. टेंपरेचर गननं दोन्ही बाजूंच्या ब्रेक हाऊसिंगचं तापमान घ्या आणि फरक बघा. आकड्यापेक्षा फरक बोलका असतो.

मग तुमच्या मशीनचा क्लच कोणत्या जातीचा आहे ते बघा, कारण त्यावर सगळं उलटं-सुलटं होतं. जुन्या रचनेत, म्हणजे कोमात्सुच्या डी१५५ए-१ सारख्या मशीनवर, स्टिअरिंग क्लच स्प्रिंगनं धरलेला असतो आणि ऑईलच्या प्रेशरनं सुटतो. तिथे प्रेशर कमी झालं तर मशीन वळत नाही. स्लिप होत असेल तर दोष प्लेटांचा किंवा स्प्रिंगचा, प्रेशरचा नव्हे. नव्या रचनेत क्लच प्रेशरनं धरतो आणि ब्रेक स्प्रिंगनं लागतो, प्रेशरनं सुटतो. तिथे प्रेशर पडलं की क्लच स्लिप होतो आणि ब्रेकही घासायला लागतो. दोन्ही लक्षणं एकाच कारणानं! जुन्या मशीनवर हात बसलेला मेकॅनिक नव्या मशीनवर इथेच फसतो.

मशीन चालू होतं, गिअर लागतो, पण जागचं हलत नाही.

गिअर लिव्हर न्यूट्रलला आणून परत टाका. अनेक मशीनवर गिअरमध्ये असताना इंजिन सुरू झालं तर मशीन हलू नये म्हणून व्हॉल्व्ह असतो, तो न्यूट्रलला आल्याशिवाय सुटत नाही. हसू नका, यासाठी मेकॅनिकची गाडी रात्री खाणीत उतरलेली आहे.

नंतर सेफ्टी लिव्हर आणि पार्किंग ब्रेक. मग इंजिनाचा आवाज ऐका. गिअर टाकल्यावर इंजिन दबत असेल तर ताकद पोचतेय आणि पुढे काहीतरी जखडलंय, बहुधा न सुटलेला ब्रेक. इंजिनाला काहीच कळत नसेल तर ताकद पोचतच नाही: ऑईल नाही, पंपाची ड्राईव्ह तुटली, युनिव्हर्सल जॉइंट गेला किंवा कुठला शाफ्ट तुटला. इंजिन बंद करून, ब्लेड खाली टेकवून, शक्य असेल तर कव्हर उघडून युनिव्हर्सल जॉइंट नुसता डोळ्यांनी बघा.

फायनल ड्राईव्हमधून ऑईल गळतं. टॉप-अप करत चालवलं तर?

चालतं, आणि मग एक दिवस गिअर आणि बेअरिंग दोन्ही जातात. फायनल ड्राईव्हचं फ्लोटिंग सील म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या दोन धातूच्या रिंगा आणि त्यांना दाबून धरणाऱ्या दोन रबरी रिंगा. तिथून ऑईल बाहेर येतंय याचा अर्थ तिथून माती आत जातेय. खाणीत तुटलेली तार स्प्रॉकेटच्या मागे गुंडाळली जाऊन सील जाणं नेहमीचं आहे, म्हणून गळती दिसली की आधी तिथली माती काढून तार आहे का बघा.

फायनल ड्राईव्हचा आवाज वळणावर बदलतो. लोडखाली घरघर, रिव्हर्सला वेगळा आवाज, एका बाजूचं हाऊसिंग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की ड्रेन प्लगचं मॅग्नेट काढून बघा.

जाळीत आणि मॅग्नेटवर काय सापडलं म्हणजे काय समजायचं?

मॅग्नेटवर करडी बारीक लुगदी थोडीफार असणं नेहमीचं. बोटांत चुरून खडे लागत नसतील तर पुसून लावा. कण बोटाला टोचत असतील, चपटे चमकते तुकडे असतील, तर गिअरचा दात किंवा बेअरिंग सोलतंय.

गिअरबॉक्सच्या जाळीत मॅग्नेटला न चिकटणारी रुपेरी चकचकीत चूर सापडली तर ते ॲल्युमिनियम. कन्व्हर्टरचे पंखे बहुधा ॲल्युमिनियमचे ओतीव असतात, तेव्हा संशय सरळ तिकडे जातो. सोनेरी चूर म्हणजे ब्रॉन्झ, क्लच प्लेट किंवा बुश. काळे-तपकिरी पापुद्रे आणि जळका वास म्हणजे प्लेटांचं अस्तर. रबराचे तुकडे म्हणजे सील. जाळी धुवून घेण्याची घाई करू नका. आधी पांढऱ्या कपड्यावर झटकून, उन्हात नेऊन बघा, मोबाईलवर फोटो काढा. फिल्टरही कापून, घड्या उलगडून बघायचा. मी फिल्टर न कापता फेकू देत नाही.

ऑईल दुधाळ झालं असेल तर पाणी. पावसाळ्यात ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या तोंडातून) किंवा धुताना आत गेलं असेल, नाहीतर कूलर फुटला असेल. रेडिएटरमध्ये ऑईलचा तवंग दिसला तर कूलरच.

ऑईलचं सॅम्पल पाठवण्यात काही अर्थ आहे का?

एकाच सॅम्पलमध्ये थोडा, सलग सॅम्पलमध्ये बराच. लोखंड गिअर-बेअरिंगचं, तांबं ब्रॉन्झच्या प्लेटा-बुशांचं, सिलिकॉन धुळीचं, सोडियम-पोटॅशियम बहुधा कूलंटचं. सिलिकॉन आणि लोखंड एकत्र वाढले तर धूळ आत जाऊन झीज चालू आहे. मात्र दर वेळी एकाच पद्धतीनं, गरम ऑईलमधून, टॉप-अप करण्याच्या आधी काढा, आणि ऑईलला किती तास झाले ते बाटलीवर लिहा. तासांशिवाय आलेला रिपोर्ट वाचता येत नाही.

गिअरबॉक्स आहे तर गिअर ऑईल टाकायला काय हरकत?

मोठी हरकत आहे. आत ऑईलमध्ये बुडालेले क्लच आहेत, त्यांना घर्षण लागतं. ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑईल किंवा घर्षण कमी करणारं दुसरं कुठलं ऑईल टाकलं की प्लेटा स्लिप व्हायला लागतात आणि काही ॲडिटिव्ह ब्रॉन्झलाही मानवत नाहीत. कॅटरपिलर टीओ-४ दर्जाचं ऑईल सांगतं, कोमात्सुच्या जुन्या मशीनना एसएई ३० चं इंजिन ऑईल चालतं. फायनल ड्राईव्हला गरम हवेत जाड ग्रेड, कॅटरपिलरमध्ये एसएई ५०, सांगितलेला असतो. मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता बघा. ऑईल बदलल्यानंतर पंधरा दिवसांत स्लिपची तक्रार आली तर सगळ्यात आधी स्टोअरमध्ये जाऊन रिकामा बॅरल शोधा.

नव्या मशीनवर फॉल्ट कोड येतो. कोड म्हणेल तो पार्ट बदलायचा?

कोड सर्किट दाखवतो. "फॉरवर्ड सोलेनॉइड" असा कोड आला तरी दोष कनेक्टरमधल्या पाण्याचा, घासलेल्या वायरचा किंवा सैल अर्थिंगचा असू शकतो. सारख्या दोन सोलेनॉइडची अदलाबदल करा. कोडही सोबत सरकला तर सोलेनॉइड, तिथेच राहिला तर वायरिंग. सगळीकडून एकदम विचित्र कोड यायला लागले तर २४ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि चार्जिंग मोजा. आणि मशीनवर वेल्डिंग करताना मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढा. कोणताही यांत्रिक बिघाड नसताना "वेल्डिंगनंतर गिअर लागत नाही" ही तक्रार येते, ती यामुळेच.

पोकलेनची एक चेन हळू चालते. तिथेही हेच तपासायचं?

नाही. तिथे कन्व्हर्टर नाही, गिअरबॉक्स नाही. पंपाचं ऑईल कंट्रोल व्हॉल्व्हमधून, मधल्या स्विव्हल जॉइंटमधून, चेनच्या ट्रॅव्हल मोटरला जातं आणि मोटर पुढच्या रिडक्शन गिअरमधून स्प्रॉकेट फिरवते.

आधी मोजा. बूम-बकेटच्या जोरावर एक बाजू उचलून स्प्रॉकेटच्या पाच फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते बघा, मग दुसरी बाजू. सपाटीवर कोमात्सुच्या पद्धतीनं १० मीटर धाव घेऊन पुढचे २० मीटर सरळ चालवा आणि मार्ग किती वळला ते दोरी धरून मोजा.

फरक खरा असेल तर इंजिन बंद, प्रेशर सोडून, कंट्रोल व्हॉल्व्हपाशी डाव्या आणि उजव्या ट्रॅव्हलच्या होजांची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या चेनकडे गेला तर तो व्हॉल्व्ह किंवा पंपात आहे. त्याच चेनवर राहिला तर स्विव्हल, मोटर किंवा रिडक्शन. तिथून पुढे मोटरच्या केस ड्रेनचा (आत गळलेलं ऑईल परत नेणारा) होज काढून भांड्यात किती ऑईल येतं ते मोजा. मॅन्युअलपेक्षा खूप जास्त येत असेल तर मोटर आतून गळतेय. लक्षात ठेवा, होज बदललेले असताना लिव्हर उलट्या बाजूला चालतात, ऑपरेटरला आधी सांगा.

बिघाड सापडला, पण मशीन फेसवर, म्हणजे खाणीत काम चालू असलेल्या जागी, अडकलं आहे. ओढून वर्कशॉपला न्यायचं?

स्प्रिंगनं लागणाऱ्या ब्रेकचं मशीन इंजिन बंद असताना ओढलं तर ब्रेक घासत येतो आणि जिथे एक बिघाड होता तिथे दोन होतात. ब्रेक सोडवण्याची किंवा फायनल ड्राईव्हचे शाफ्ट काढून चेन मोकळी करण्याची पद्धत प्रत्येक मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मात्र शाफ्ट काढल्यावर मशीनला ब्रेक उरत नाही. उतारावर हे करायचं असेल तर चेनखाली ठोकळे, ब्लेड जमिनीत, आणि खालच्या बाजूला दुसरं जड मशीन रोखून धरायला उभं हवं. ओढण्याचं अंतर शक्य तितकं कमी ठेवा, वेग चालत्या माणसाइतका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे ओढताना आत वंगण फिरत नाही.